जोडीने इजिप्त : काय भावलं, काय खुपलं

निळी_शाई

मंडळी, ह्या हिवाळ्यात आम्ही दोघं इजिप्त करून आलो. इथे इजिप्तबद्दल अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरं बहुतेक वेळा टूरवाल्यांच्या पत्रकासारखी येतात. म्हणून चांगलं-वाईट दोन्ही सविस्तर लिहिते.

नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय, उभी नोकरी धरणांवर गेली. मी शाळेत चित्रकला शिकवते. त्याला आस्वानचं धरण आणि त्या धरणाच्या पाण्यातून वाचवायला उंचावर हलवलेली अबू सिंबेलची देवळं बघायची होती, मला थडग्यांमधली चित्रं. देश ठरवताना त्यामुळे अजिबात खळखळ झाली नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. इजिप्तचा गाभा कैरोत नाही, लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर आहे. तिथे मुक्काम ठोका, नाईलच्या क्रूझवर दिवस घालवू नका. आणि जोडीने जात असाल तरी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दोघांनी एकत्रच फिरलं पाहिजे, हा हट्ट धरू नका. आमच्या सहलीतले सगळ्यात वाईट तास ह्या हट्टापायी आले.

गिझापासून सुरुवात करते. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं. नवऱ्याचा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे तो बाहेर थांबला आणि मी आत गेले. चढता बोगदा जेमतेम चार फूट उंच, कंबरेत वाकून लाकडी पट्ट्यांवरून चढायचं, समोरून उतरणारी माणसं अंगाला घासून जातात, हवा कोंदट. अर्ध्या वाटेवर वाटलं, परत फिरावं. आणि मग एकदम डोक्यावरचं छत नाहीसं होतं. तुम्ही ‘ग्रँड गॅलरी’त उभे असता. साडेआठ मीटर उंच, दोन्ही बाजूंच्या भिंती प्रत्येक थराला थोड्या थोड्या आत सरकत वर जातात आणि माथ्यावर अगदी अरुंद पट्टी उरते. ना कोरीवकाम, ना रंग, ना अक्षर. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हा उतार डोक्यात धरून दगड लावत गेलं. वर राजाच्या दालनात आस्वानहून आणलेला ग्रॅनाइट आहे. मी दोन दगडांच्या सांध्यावर नख फिरवून बघितलं, नख अडकलं नाही. आत मोजकीच माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. मला रडू आलं.

बाहेर आले तर नवरा लालबुंद. उंटवाल्यांनी त्याला घेरला होता. एकाने ‘भेट, भेट’ म्हणत डोक्याला रुमाल बांधला, फोटो काढला आणि पैसे मागायला लागला. हा म्हणाला, मी मागितला नव्हता. आवाज चढले, आणखी दोघे-तिघे गोळा झाले. शेवटी पर्यटन पोलिसांतला एक जण आला तेव्हा प्रकरण मिटलं. ज्या माणसाने आयुष्यभर ठेकेदाराचा चहासुद्धा घेतला नाही, त्याला चारचौघांत खोटं पाडलं गेलं. मला आतलं सगळं त्याला सांगायचं होतं आणि त्याला तिथून फक्त निघायचं होतं. त्या दिवशी स्फिंक्ससमोर आम्ही दोन परक्या माणसांसारखे उभे होतो.

सहलीत हे पुढेही झालं. एकाला जिथे आभाळ ठेंगणं वाटलं, तिथेच दुसऱ्याचा दिवस वाया गेला.

कैरोतलं बाकीचं भरभर सांगते. नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडलं. तुतनखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदाच एका छताखाली मांडल्या आहेत. लोक सोन्याच्या मुखवट्यापाशी गर्दी करतात. तुम्ही त्याच्या सपाता, हातमोजे, पलंग, लहानपणीची खुर्ची बघा. तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता, हे तिथे कळतं. कैरोजवळच्या सक्काराला जाच. जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड गिझापेक्षा जुना आणि तिथे शांतता आहे. कैरोची वाहतूक, हॉटेलच्या बंद लॉबीतला सिगरेटचा धूर आणि प्रत्येक गाइडने ‘पाचच मिनिटं’ म्हणून अत्तराच्या नाहीतर पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या) दुकानात नेणं, हे तिन्ही फार खुपलं.

आता लक्सर. पूर्व काठावर गाव, स्टेशन, कर्नाक आणि लक्सरची देवळं. पश्चिम काठावर उसाची शेतं, त्यामागे उघडा पिवळा डोंगर आणि त्या डोंगराच्या पोटात राजांची थडगी. आम्ही पश्चिमेला एका घरगुती हॉटेलात उतरलो. गच्चीवरून पहाटे गरम हवेचे फुगे दिसायचे. आम्हीही फुग्याचं आरक्षण केलं होतं, वाऱ्यामुळे रद्द झालं. चुटपूट लागली, पण वारा असताना उडवत नाहीत हेच बरं.

माझ्यासाठी सगळ्यात वाईट बातमीही इथलीच. दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिचं थडगं बंद होतं. कॉलेजात असल्यापासून तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या छापील प्रती बघून मी रंग शिकले. स्थानिक एजंटला आम्ही दोनदा विचारलं होतं, त्याने शेवटपर्यंत ‘उघडं आहे’ म्हणून सांगितलं. दारापर्यंत जाऊन परत आले. त्या दुपारी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी नवराच म्हणाला, ‘तू सेतीचं थडगं बघ. सावकाश. मी येत नाही, घड्याळाकडे बघत उभा राहीन आणि तुझा विरस होईल.’ तो कालव्याकाठी शेतं बघायला गेला आणि मी एकटी राजांच्या दरीत.

पहिल्या सेती राजाचं थडगं हे दरीतल्या सगळ्यात लांब आणि खोल थडग्यांपैकी एक. १८१७ मध्ये बेल्झोनी ह्या इटालियन शोधकाला सापडलं. तिकीट वेगळं आणि महाग, त्यामुळे गर्दी नाही. सगळ्या भिंतींवर उठावाचं कोरीवकाम आणि त्यावर रंग. पण मी खिळले ती एका अर्धवट राहिलेल्या खोलीत. तिथे कोरायचं काम सुरूच झालं नव्हतं, फक्त रेखाटन आहे. आधी लाल रेघ, मग तिच्यावर मुख्य चित्रकाराने काळ्या रेघेने केलेली दुरुस्ती. एका आकृतीचा खांदा लाल रेघेत जरा वर होता, काळी रेघ तो खाली घेते आणि तिथून थेट मनगटापर्यंत न थांबता उतरते. एका दमात. मी वर्गात मुलींच्या कागदावर हेच तर करते. तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या एका शिक्षकाची रेघ माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर होती.

आणि दोघांचा मिळून सगळ्यात सुंदर तास देर अल-मदीनाला. राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची ही वसाहत. त्यांनी स्वतःसाठी केलेली थडगी खोलीएवढीच, पण रंग अजून ओले वाटावेत असे. सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात राबताना दाखवलेत. तो विळ्याने गहू कापतोय, ती मागून कणसं गोळा करतेय. खालच्या ओळीत तो नांगर धरतोय, ती मागून बी टाकतेय. मी त्या पिवळ्या पार्श्वभूमीकडे बघत होते आणि नवरा शेताभोवतीच्या निळ्या पट्ट्यांकडे. ‘अगं, हे कालवे आहेत. चारी बाजूंनी पाणी खेळवलंय बघ.’ खोलीत आम्ही दोघंच होतो. रखवालदार बाहेर चहा पीत बसला होता, त्याने घाई केली नाही.

आस्वानला पोचलो आणि माझं पोट बिघडलं. अबू सिंबेलला पहाटे चारला गाडी निघते, जाऊन-येऊन सात तासांचा रस्ता. मी गेले नाही. नवरा एकटा गेला. त्याबद्दल त्यानेच लिहावं म्हणून मागे लागले आहे.

विचारा काय विचारायचं ते.

चिंचेचा_कोळ

किती मनापासून लिहिलंयस गं! सेन्नेजेमचं वाचून लगेच फोटो शोधले. आम्ही दोघं पुढच्या थंडीत ठरवतोय. घरात कांदा-लसूण चालतो, पण मांसमच्छी नाही. खाण्याचे हाल होतात का? आणि पोट कशाने बिघडलं?

निळी_शाई

@चिंचेचा_कोळ, हाल अजिबात नाहीत. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वरून टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि तिखट वेगळं देतात, ते आपल्या हाताने घ्यायचं. रस्तोरस्ती मिळतं, पोटभर होतं. सकाळी फूल, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेले बाकल्याचे (फावा बीन्सचे) दाणे, वर तेल, जिरं, लिंबू. तामेया ही त्याच बाकल्याची, भरपूर कोथिंबीर घातलेली हिरवी भजी. वांग्याचं आणि तिळाचं भरपूर काही. फितीर नावाची पापुद्र्यांची पोळी असते, तिच्याबरोबर काकवी देतात. अगदी आपली उसाची काकवी, तिळाच्या दाट चटणीत कालवून खायची. नवऱ्याने न्याहारीला रोज तेच खाल्लं.

एकच सांभाळ, मुलुखिया ही पालेभाजी दिसते, पण बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या नाहीतर सशाच्या पाण्यात शिजवतात. विचारूनच घे.

पोट कशाने बिघडलं ते सांगता येणार नाही. जलसंजीवनीची पाकिटं मात्र बरोबर ने.

लेणी_आणि_लोणी

उत्तम धागा. देर अल-मदीनाबद्दल थोडी भर घालतो, कारण टूरवाले ते हमखास वगळतात. जगात लेखी नोंद असलेला सगळ्यात जुना संप ह्याच वसाहतीतला. तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या २९व्या वर्षी, म्हणजे इसवी सन पूर्व ११५०च्या आसपास, कारागिरांचं धान्य थकलं. त्यांनी काम टाकलं आणि राजांच्या देवळांपाशी जाऊन ठिय्या दिला. भुकेने आणि तहानेने इथवर आलोय, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, अशी त्यांची तक्रार पपायरसवर जशीच्या तशी टिकली आहे. तो पपायरस इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. हे माहीत असलं की राजांच्या दरीतल्या भिंती बघताना त्यामागची माणसं दिसायला लागतात.

आणखी एक. आस्वानचं धरण होताना नुबियातली (आस्वानच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या प्रदेशातली) ठिकाणं बुडायच्या आत उत्खनन करायला अनेक देशांची पथकं गेली, त्यात आपल्या पुरातत्त्व खात्याचंही होतं. १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल ह्यांच्या नेतृत्वाखाली अफये इथे भारतीयांनी खणलं. तिथे गेलेल्या भारतीय पर्यटकांना हे क्वचितच सांगितलं जातं.

आणि ममीच बघायची असेल तर तेवढ्यासाठी कैरोला जायला नको, बडोद्याच्या संग्रहालयातही आहे. पण राजे-राण्यांच्या ममी कैरोतल्या फुस्तातच्या नव्या संग्रहालयात आहेत. एप्रिल २०२१ मध्ये २२ ममी मिरवणुकीने तिथे नेल्या. मला ते दालन फार भावलं. प्रकाश मंद, फोटोला बंदी, लोक आपसूक हळू बोलतात.

शिडाची_होडी

क्रूझबद्दल तुमच्याशी सहमत नाही. आम्ही दोघं आणि सासू-सासरे असे लक्सर ते आस्वान बोटीने गेलो. सामान एकदाच उघडायचं, जेवण वेळेवर, वर डेकवर बसलं की दोन्ही काठांवर खजुराची झाडं, म्हशी, गाढवावरून जाणारी पोरं. इस्नाच्या पाणदारात (लॉकमध्ये) बोट खाली-वर होते तेव्हा सासरे लहान मुलासारखे कठड्याला उभे होते. गुडघेदुखीवाल्यांना ह्याहून सोयीचं काही नाही. ‘क्रूझवर दिवस घालवू नका’ असं सरसकट म्हणणं बरोबर वाटत नाही.

निळी_शाई

@शिडाची_होडी, वडीलधाऱ्यांबरोबर क्रूझच योग्य, हे मान्य. माझा आक्षेप क्रूझच्या वेळापत्रकाला आहे. सगळ्या बोटी एकाच वेळी एदफूला लागतात. शेकडो माणसं एकदम खाली उतरतात, घोडागाडीत कोंबली जातात आणि तासाभरात होरस देवाचं अख्खं देऊळ उरकतात. आम्ही रस्त्याने आस्वानला जाताना बोटींची गर्दी सरल्यावर पोचलो आणि तेच देऊळ जवळजवळ रिकामं मिळालं. इजिप्तमधलं सगळ्यात धड राहिलेलं देऊळ आहे ते, छतासकट. आणि त्या घोड्यांची हाडं मोजता येतात. मला त्या गाडीत बसवलं नाही.

कैरोकर_मराठी

मी इथे नोकरीनिमित्त काही वर्षं आहे. गिझाचा अनुभव वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. नवीन येणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो.

तिकीट फाटकावरच्या कर्मचाऱ्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला माणूस ‘तिकीट दाखवा’ म्हणून घेतो आणि तुमचा गाइड होऊन बसतो. डोक्यावर, गळ्यात, हातात कुणी काही ठेवलं तर न बोलता काढून परत द्या आणि चालत राहा. ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) एकदा म्हणायचं, थांबायचं नाही. थांबलात की सौदा सुरू झाला असं धरतात. बहुतेक मोठ्या ठिकाणी परदेशी पर्यटकांचं तिकीट कार्डानेच मिळतं, रोख घेत नाहीत, म्हणून दोघांकडे वेगवेगळी कार्डं असू द्या. सुटे पैसे मात्र खिशात हवेतच. स्वच्छतागृहापासून सामान उचलणाऱ्यापर्यंत सगळ्यांना बक्षिसी द्यावी लागते.

आणि त्या लोकांच्या बाजूने दोन शब्द. मार्च २०२४ मध्ये इथल्या पौंडाचा भाव एका दिवसात डॉलरला ३१ वरून ५० च्या आसपास गेला. तेल, साखर, भाड्याच्या खोल्या, सगळ्याची आग झाली. गिझाचा उंटवाला पिढीजात हाच धंदा करतो, उंटाचा चारा रोज लागतो आणि पर्यटक २०११च्या उठावानंतर कित्येक वर्षं फार कमी आले. फसवणूक चुकीचीच. पण ह्याच शहरात माझी गाडी बंद पडली तेव्हा चार अनोळखी माणसांनी धक्का मारला आणि पैसे देऊ केले तर रागावले. पर्यटनाच्या ठिकाणापासून दोन गल्ल्या आत जा, अगदी वेगळी माणसं भेटतात. भारतातून आलोय म्हटलं की अमिताभ बच्चनचं नाव निघतंच, मग चहा येतो.

कोयनाकाठ

अबू सिंबेलची देवळं हलवली ह्याचं कौतुक सगळे करतात. माणसांचं काय झालं, हेही इथे यायला हवं. इजिप्तच्या बाजूच्या सुमारे ५० हजार नुबियन लोकांना घरंदारं सोडून कोम ओम्बोच्या परिसरात नेऊन वसवलं. नदीकाठी राहणारे लोक, खजुराच्या बागा, घरांच्या मातीच्या भिंतींवर रंगीत नक्षी. ते सगळं पाण्याखाली गेलं. देवळांसाठी सगळं जग धावून आलं.

माझ्या आजोबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. आजी शेवटपर्यंत तिथल्या पाणवठ्याचं नाव घ्यायची. त्यामुळे आस्वानला गेलो तेव्हा आम्ही नुबियन म्युझियममध्ये बराच वेळ काढला. १९९७ मध्ये उघडलेलं, फार जिव्हाळ्याने केलेलं संग्रहालय आहे. बायको म्हणाली, कोयनेसाठी असं एखादं का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पलीकडच्या काठावरची निळी-पिवळी नुबियन घरं आता बरीचशी पर्यटकांसाठी सजवलेली आहेत. तरी तिथे एखाद्या घरी बसून जेवा, आणि हॉटेलवाल्याऐवजी त्या घरच्यांना पैसे द्या.

निळी_शाई (हे तिच्या खात्यावरून नवरा लिहीत आहे)

नमस्कार. कोयनाकाठ ह्यांचं वाचलं आणि लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी पुनर्वसनाच्या फाइली टेबलावर असलेल्या खात्यात गेली. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. धरण बांधणाऱ्याला पाणी किती दशलक्ष घनमीटर ते तोंडपाठ असतं, गावांची नावं नसतात. आस्वानला धरणाच्या माथ्यावर उभा होतो तेव्हा हेच मनात होतं.

धरण १११ मीटर उंच, ३,८३० मीटर लांब, १९७० साली पुरं झालं. दगड, वाळू आणि मधोमध चिकणमातीचा गाभा. आपलं जायकवाडी लांबीला ह्याच्या अडीचपट, पण उंचीला पुष्कळ कमी. पर्यटकांना माथ्यावर थोडा वेळ थांबवतात आणि बसमध्ये भरतात, बघण्यासारखं फारसं दिसत नाही. पण १९८०च्या दशकात इथिओपियात भीषण दुष्काळ पडला तेव्हा ह्या साठ्याने इजिप्तला तारलं. उलट बाजूला, गाळ आता तलावातच बसतो. शेतात खत घालावं लागतं आणि बारमाही पाण्याने वर आलेली भूजलपातळी देवळांच्या पायात क्षार सोडते. कर्नाकच्या खांबांच्या तळाशी तो पांढरा थर मी बायकोला दाखवला. ती वर रंग बघत होती, मी खाली ओल.

अबू सिंबेल. १९६४ ते १९६८. पाणी चढत होतं म्हणून आधी तात्पुरता बांध घालून देवळं कोरडी ठेवली. दर्शनी पुतळ्यांवर वाळूचा ढीग रचला, म्हणजे वरचा डोंगर फोडताना कपच्या पडून इजा नको. मग दोन्ही देवळं मिळून हजाराहून जास्त ठोकळ्यांत कापली, काही ठोकळे वीस-तीस टनांचे. दर्शनी भागावर हाताच्या करवतीने, काही मिलिमीटरपेक्षा रुंद काप पडू न देता. सगळं ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवलं. मागचा डोंगर खोटा आहे, आत काँक्रीटचा घुमट आहे आणि डोंगराचा भार तो घुमट पेलतो. देवळावर भार नाही. मी पुतळ्याच्या पायाशी उभा राहून सांधे शोधत होतो. ऊन तिरपं असेल तरच दिसतात.

दर्शनी भागावरच्या दुसऱ्या रामसेसच्या चार पुतळ्यांपैकी डावीकडून दुसऱ्याचा वरचा अर्धा भाग प्राचीन काळीच भूकंपात कोसळला. हलवताना तो पुन्हा चढवता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. पडलेलं डोकं जिथे जसं पडलं होतं, तसंच नव्या जागी खाली ठेवलं. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हा निर्णय सगळ्यात मोठा. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमाराला, सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोचतात, तेही जपलं. आतल्या चार मूर्तींपैकी प्ताह ह्या देवावर ऊन पडत नाही, तो पाताळाशी जोडलेला देव. तेही पूर्वीसारखंच.

शेजारी नेफरतारीचं छोटं देऊळ आहे. तिथे राणीचे पुतळे राजाच्या पुतळ्यांएवढेच उंच आहेत. इजिप्तमध्ये हे फार दुर्मीळ. एरवी राणी राजाच्या गुडघ्यापर्यंत येते. मी तिथे एकटा होतो, आणि ज्या बाईने नेफरतारीसाठी हा सगळा प्रवास केला ती तिकडे हॉटेलात मीठ-साखरेचं पाणी पीत होती. मला फोटो धड काढता येत नाहीत. मग वहीत काढलं, मुकुट, शिंगं, मधली सूर्याची चकती, पायाशी उभ्या मुली. तिने ते बघून लगेच प्रमाण दुरुस्त केलं.

गिझाच्या प्रसंगाबद्दल एवढंच, रुमालाचे पैसे मी आजही देणार नाही. पण कैरोकर ह्यांनी लिहिलेलं पटलं.

चिंचेचा_कोळ

काकांची वहीतली पानं इथे टाका ना, दुरुस्तीसकट!

पायवाट_

माझे प्रश्न : बाई म्हणून एकटीने पश्चिम काठावर फिरताना त्रास झाला का? कपडे कसे? आणि कुठे किती दिवस ठेवावेत? तुमच्या लेखात अबायडोसचा उल्लेख नाही, ते वगळलंत का?

निळी_शाई

@पायवाट_, एकटी फिरले तेव्हा त्रास झाला नाही. ‘टॅक्सी? अलाबास्टर (दगडी वस्तू)?’ असं दर पन्नास पावलांवर विचारतात, नको म्हटलं की पुढच्याकडे वळतात. पूर्ण बाह्यांचा सुती कुडता, सैल पँट आणि एक ओढणी. मशिदीत शिरताना ओढणी लागते, एरवी उन्हासाठीही. अंधार पडल्यावर मात्र आम्ही दोघं बरोबर असायचो. पश्चिम काठावरच्या वाटांवर दिवे फार नाहीत.

दिवस म्हणशील तर कैरो तीन, लक्सर पाच, आस्वान तीन. कमी असतील तर कैरोतला एक कापा, लक्सरला हात लावू नका. राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी येतात. सेती, सहावा रामसेस आणि तुतनखामुन ह्यांची तिकिटं वेगळी. तुतनखामुनचं थडगं लहान आहे, चित्रंही थोडी. पैसे मोजून-मापून खर्च करायचे असतील तर ते सोडा आणि सहाव्या रामसेसचं घ्या. तिथल्या छतावर आकाशाची देवी नूत संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. निळ्यावर पिवळं, अख्ख्या छतभर. मान दुखेपर्यंत बघाल.

अबायडोस वगळलं नाही, लिहायचं राहिलं होतं. लक्सरहून गाडीने अडीच-तीन तास लागतात. आदल्या दिवशीच गाडी ठरवा, पहाटे सहाला निघा. आधी अबायडोस करा आणि परतताना केनाजवळ डेंडेराचं देऊळ, ते वाटेवरच आहे. अबायडोसला सेतीच्या देवळात ७६ राजांच्या नावांची ओळच्या ओळ कोरलेली आहे. हातशेपसुत, आखेनातेन, तुतनखामुन हे नकोसे झालेले राज्यकर्ते त्यातून मुद्दाम गाळलेत. तिथलं उठावाचं काम मी बघितलेल्यातलं सगळ्यात नाजूक, कपड्याच्या चुण्यासुद्धा बोटाला लागतील असं वाटतं. (हात लावायचा नाही!) डेंडेराला छतावरची शतकानुशतकांची काजळी साफ केल्यावर खालचा निळा पुन्हा वर आलाय. जेवणाचा डबा हॉटेलातून बांधून घ्या, वाटेत धड काही मिळत नाही. आणि गाडीवाल्याला निघतानाच सांगा की वाटेत दुकानं नकोत, दिवसभराचे पैसे परत आल्यावर.

वहीची पानं उद्या उजेडात फोटो काढून टाकते.